खिचडीच्या पातेल्यात काय उरतं ते आधी बघा

शाळेत पोषणाचा कार्यक्रम म्हटलं की पहिल्यांदा तक्ते निघतात, मग निबंध स्पर्धा, मग प्रभातफेरी, फोटो काढून व्हॉट्सअप ग्रुपवर टाकला की विषय संपला. मुलं घरी जाऊन परत चहा-टोस्टच खातात. माझं म्हणणं साधं आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत रोज दुपारी पातेलं शिजतंय ना, सगळी सुरवात तिथनं करा. पोरांच्या पोटात रोज काहीतरी जाण्याची ती हक्काची वेळ आहे. सप्टेंबरमधला पोषण महिना वगैरे नंतर.

पहिला आठवडा काहीही बदलू नका, नुसतं बघा. कुठल्या दिवशी खिचडी उरते, कुठल्या दिवशी पोरं परत वाढा म्हणतात, ताटात बाजूला काय काढून ठेवतात, कोण डबा आणून पोषण आहार टाळतं. वहीत लिहून ठेवा. आणि वाढायच्या आधी चव बघायची असते ती खरंच बघा राव, बऱ्याच ठिकाणी चव रजिस्टर महिन्याच्या शेवटी एकदम भरलं जातं, सगळीकडे "उत्तम". ज्यानं चव घेतली त्याला लगेच कळतं की मीठ कमी आहे का डाळ कच्ची राहिलीय.

आता मापाचं. पहिली ते पाचवीला एका पोराला 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ-कडधान्य, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल, त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशोब आहे. सहावी ते आठवीला 150, 30, 75 आणि साडेसात ग्रॅम, म्हणजे 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं. हे ग्रॅममध्ये वाचून काही डोळ्यापुढे येत नाही म्हणून पटाचा गुणाकार करून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून टाका. प्राथमिकची 60 पोरं हजर असतील तर 6 किलो तांदूळ, 1 किलो 200 ग्रॅम डाळ, 3 किलो भाजी, 300 ग्रॅम तेल. तांदळाचं माप कुठं चुकत नाही, चुकतं ते भाजीचं. 60 पोरांच्या पातेल्यात दोन कांदे आणि चार टोमॅटो टाकले की भाजी झाली असं धरून चालतात. 3 किलो भाजी एकदा समोर ढीग करून बघा म्हणजे रोज किती कमी पडते ते समजेल. आणि एक वजनकाटा स्वयंपाकघरातच ठेवा, ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद नको.

तांदळावरनं हमखास भांडण होतं. पोषणयुक्त तांदूळ आला असेल तर त्यात साधारण शंभर दाण्यांमागे एक दाणा वेगळा असतो, तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 घालून बनवलेला. धुताना तो वर तरंगतो, रंगाला जरा वेगळा दिसतो, की झालं, "प्लास्टिकचा तांदूळ आला" म्हणून गावभर. स्वयंपाकवाल्या ताई मग निवडून फेकून देतात, म्हणजे नेमकं जे द्यायचं तेच कचऱ्यात. यावर भाषण देऊन उपयोग नाही. चार-पाच आयांना बोलवा, त्यांच्यासमोर तेच दाणे वाटीत भिजवा, मऊ पडलेला दाणा बोटानं चुरून दाखवा, शिजवून खा त्यांच्यासमोर. आणि ताईंना सांगा, तांदूळ चोळून चोळून चार पाण्यात धुवायचा नाही आणि शिजताना जास्तीचं पाणी ओतून द्यायचं नाही.

ताईंबद्दल बोलायलाच पाहिजे. मानधन तुटपुंजं, तेही उशिरा, त्यात धूर आणि ओझं. त्यांना नुसता हुकूम देऊन काही सुधारत नाही, त्यांच्या सोयीनं ठरवा. आता मोड आलेली मटकी ठरवून दिलेल्या पाककृतीत आहे पण मोड यायला वेळ लागतो, सकाळी दहाला आल्यावर कुठनं येणार मोड? शुक्रवारी उसळ हवी असेल तर बुधवारी दुपारी जाताना मटकी भिजवायची, गुरुवारी सकाळी निथळून फडक्यात बांधायची, शुक्रवारी तयार. थंडीत फडकं उबदार जागी ठेवा, उन्हाळ्यात मात्र लक्ष ठेवा, वास मारायला लागते. हा वार ठरलेला असला की ताईंना पण आठवण करावी लागत नाही.

भाजीसाठी परसबाग. फार मोठं डोक्यात घेऊ नका, बोअरचं पाणी आणि कुंपण नसेल तर बकऱ्याच खाणार सगळं. शेवग्याची दोन झाडं, कढीपत्ता, लिंबू, आणि हात धुवायचं पाणी जिथं वाहून जातं तिथं अळू. एवढं आधी लावा, हे सुट्टीतही तग धरतं. पावसाळ्यानंतर मेथी, पालक, लाल माठ, मुळ्याचे वाफे करा. शेवग्याचा पाला कोवळा ओरबाडून वरणात टाकला तर पोरं कुरकुर न करता खातात, वेगळी भाजी केली तर बाजूला सारतात, हे पण ताटात बघूनच कळतं. ताटावर लिंबू पिळायची सवय लावा, डाळ-पाल्याभाजीतलं लोह त्यानं अंगी लागतं. आणि जेवणावर लगेच चहा नको, चहानं तेच लोह अडतं. हे पोरांपेक्षा घरच्यांना सांगायचं.

अंड्याचं काय ते सगळ्यांना माहितीय. 2023 च्या शेवटी आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्याला केळं किंवा दुसरं फळ असं सुरू झालं, पोरांची हजेरी त्या दिवशी बघण्यासारखी असायची, आणि 2025 च्या सुरवातीला सरकारनं त्याचे पैसे थांबवले, लोकसहभागातून करा म्हणाले. माझ्या मते हे चुकलंच, पण आता शाळा व्यवस्थापन समितीत विषय घ्या. गावात वाढदिवस, बारसं, निवृत्ती, कुणाचं तरी काहीतरी असतंच, तिथीभोजनाच्या, म्हणजे अशा निमित्तानं गावकऱ्यांनी शाळेला दिलेल्या जेवणाच्या, नावाखाली जिलेबी-बुंदी वाटण्यापेक्षा अंडी-केळी द्या म्हणा. वर्गातल्या वाढदिवसाला चॉकलेटऐवजी शेंगदाण्याची चिक्की नाहीतर राजगिऱ्याचा लाडू. शाळेच्या दारातली पाच रुपयाची पाकिटं हा वेगळाच ताप. 2020 च्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे शाळेत आणि शाळेपासून 50 मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकता येत नाहीत, पण गावातल्या टपरीवाल्याला नियम दाखवून वैर घेण्यापेक्षा फुटाणे, शेंगदाणे, पेरू, बोरं ठेव म्हणून गोडीत सांगितलेलं जास्त चालतं. मधल्या सुट्टीत गेट लावून घेतलं की अर्धा धंदा तसाही कमी होतो.

वजन-उंची. वर्षातून एकदा आरोग्य पथक येतं तेवढ्यावर थांबू नका, दर तीन महिन्यांनी स्वतः घ्या. तोच काटा, सकाळची वेळ, चप्पल-दप्तर बाजूला. उंचीला भिंतीवर टेप चिकटवा, टाचा भिंतीला, डोक्यावर पट्टी आडवी. या वयात वर्षाला साधारण दोन-तीन किलो आणि पाच-सहा सेंटीमीटर वाढ व्हायला पाहिजे. लागोपाठ दोन वेळा वजन जागेवर असेल किंवा उतरलं असेल तर त्या पोराचं नाव आरोग्य केंद्राला कळवा. दंडाचा घेर मोजायची पट्टी पाच वर्षाच्या आतल्या मुलांसाठी असते, ती इथं वापरू नका. आणि वर्गात मोठ्यांदा वजन वाचायचं नाही, "काडीपैलवान" नाव एकदा पडलं की पोरगं पुढच्या वेळी शाळेलाच येत नाही.

जंताची गोळी चावून खायची, तुमच्यासमोर, खिशात घालून घरी नाही. लोहाची गोळी आठवड्याला एक, लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी, आणि कायम जेवणानंतर. उपाशीपोटी दिली की मळमळतं, एकाला उलटी झाली की दहा जणांना होते आणि पालक गोळीच बंद करतात. शी काळी होते हे आधीच सांगून ठेवा.

साठवणीत एकच गोष्ट कडक पाळा. फवारणीचं औषध, फिनेल, त्याचे रिकामे डबे, काहीही किराण्याच्या खोलीत नको. 2013 मध्ये बिहारमधल्या गंडामन गावात जेवणात कीटकनाशक गेलं आणि 23 मुलं दगावली. तेल सीलबंद पिशवीतलंच घ्या, सुटं नाही, आणि ज्यात काय होतं ते माहिती नाही असा डबा स्वयंपाकघरात येऊच देऊ नका.

राहिली ऊसतोडवाल्यांची पोरं. आमच्याकडं दिवाळीनंतर अर्धा वर्ग कारखान्यावर जातो आणि उन्हाळ्यात परत येतो तेव्हा वजन उतरलेलं असतं. जमेल तेवढ्यांना आजी-आजोबांकडं ठेवायला सांगा, जी जातातच त्यांचं जायच्या आधी वजन-उंची घेऊन कागद आईच्या हातात द्या आणि तिकडं जवळच्या शाळेत नाव घालायला सांगा, तिथं दुपारचं जेवण मिळतं. तोडणीची टोळी नेणाऱ्या मुकादमाचा फोन नंबर घेऊन ठेवा, तिथल्या गुरुजींशी बोलायला तोच उपयोगी पडतो.