परमँगनेटचं टायट्रेशन, पहिलाच थेंब गंडवतो

बीएस्सीला माझं पहिलं रेडॉक्स टायट्रेशन (म्हणजे इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण होते अशी रिअॅक्शन, एका द्रावणात दुसरं थेंब थेंब सोडून तीव्रता मोजायची), बुरेटमध्ये, म्हणजे खाली तोटी असलेल्या मापाच्या उभ्या नळीत, जांभळं पोटॅशियम परमँगनेट आणि खाली कॉनिकल फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक अॅसिड. दोन थेंब सोडले, फ्लास्क गुलाबी झाला, हलवलं तरी गुलाबीच, म्हटलं झालं काम, जर्नलमध्ये ०.२ मिली लिहून सरांना बोलवायला गेलो. सर येईपर्यंत रंग गायब 😅

झालं काय होतं तर मी फ्लास्क गरमच केला नव्हता. ही रिअॅक्शन थंडीत फार रेंगाळते, म्हणून ६०-७० डिग्रीला गरम करून घ्यायचं (उकळायचं मात्र नाही, ऑक्झॅलिक अॅसिडच तुटायला लागतं). आणि गरम असलं तरी पहिला थेंब वेळ खातोच, कारण रिअॅक्शनमध्ये तयार होणारा मँगनीज टू प्लस आयन हाच तिचा कॅटॅलिस्ट (वेग वाढवणारा) आहे, तो थोडा जमला की पुढचे थेंब पडता पडता रंग उडतो. शेवट रंगाने दाखवणारा वेगळा इंडिकेटर लागतच नाही, परमँगनेटचा स्वतःचा रंगच पुरतो, फिकट गुलाबी ३० सेकंद टिकला की थांबा. गडद गुलाबी आला म्हणजे पुढे गेलात, परत करा.

अॅसिड डायल्यूट सल्फ्युरिकच. बाजूच्या टेबलवरच्याने एचसीएल (हायड्रोक्लोरिक अॅसिड) ओतलं, आता परमँगनेट क्लोराइडलाच ऑक्सिडाइज करत बसतं, त्याचं रीडिंग माझ्यापेक्षा जास्त का येतंय हे शोधण्यात अख्खं प्रॅक्टिकल गेलं. सल्फ्युरिक कमी पडलं किंवा बुरेट भसकन सोडलं तर चहासारखा तपकिरी गढूळपणा येतो, तो मँगनीज डायऑक्साइड, तो फ्लास्क सरळ फेकायचा. बुरेटमधल्या द्रवाचा पृष्ठभाग (मेनिस्कस) वक्र असतो, रीडिंग त्याच्या वरच्या कडेचं घ्या, जांभळ्या रंगात खालची दिसतच नाही.

कॅल्क्युलेशनला सगळे अॅसिड-बेसच्या सवयीने एमवन व्हीवन इज इक्वल टू एमटू व्हीटू (दोन्हीकडे मोलॅरिटी, म्हणजे लिटरमागे मोल, गुणिले आकारमान सारखं) लावतात आणि फसतात. इलेक्ट्रॉन मोजा ना. मँगनीजची ऑक्सिडेशन स्टेट +७ वरून +२ ला येते म्हणजे तो ५ घेतो, ऑक्झॅलेट २ देतो, म्हणून परमँगनेटचे २ मोल ऑक्झॅलिकच्या ५ मोलला पुरतात. १० मिली ०.०५ मोलर ऑक्झॅलिक म्हणजे ०.५ मिलीमोल, त्याला परमँगनेट ०.२ मिलीमोल, रीडिंग १०.० आलं तर मोलॅरिटी ०.०२. सवयीने केलं असतं तर ०.०५ आली असती, चक्क अडीचपट!

बुरेटला तपकिरी डाग राहिले तर अॅसिड घातलेलं उरलेलं ऑक्झॅलिक थोडं फिरवा, निघतात, तिथेही रेडॉक्सच चालू असतं. नंतर हात धुवा, ऑक्झॅलिक विषारी आहे, आम्ही तसेच वडापाव खायला पळायचो.