अमेरिकेतल्या शहराचं खेळवेड कसं मोजावं

बोस्टन खेळासाठी जीव टाकतं, लॉस एंजेलिसची माणसं बेसबॉलच्या नऊ इनिंगपैकी तिसऱ्या इनिंगला येतात आणि सातव्याला निघून जातात, मायामीला फक्त जिंकणारी टीम आवडते. अशी विधानं अमेरिकेत कुठेही ऐकायला मिळतात. काहींत तथ्य आहे. काही मात्र चुकीच्या आकड्याला चुकीच्या आकड्याने भागून तयार झालेली आहेत. दोन शहरांची तुलना प्रामाणिकपणे करायची असेल तर पुढच्या क्रमाने जा. सगळी माहिती फुकट मिळते, हिशेबाला साधा कॅल्क्युलेटर पुरतो.

आधी लोकसंख्या नीट घ्या

सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. अमेरिकेत शहराची हद्द आणि प्रत्यक्षात पसरलेलं शहर यांचा मेळ बसत नाही. सेंट लुईस शहराच्या हद्दीत २०२० च्या जनगणनेत जेमतेम ३ लाख माणसं होती, पण आजूबाजूच्या उपनगरांसह हा आकडा सुमारे २८ लाखांवर जातो. ॲटलांटा शहर सुमारे ५ लाखांचं, तर महानगर ६० लाखांच्या वर. जॅक्सनव्हिलचं नेमकं उलट आहे. तिथे १९६८ मध्ये शहर आणि काउंटी (जिल्हा) एकत्र केल्यामुळे हद्दच प्रचंड मोठी झाली आणि शहराचा आकडा फुगला. म्हणून जनगणना खात्याचा महानगर क्षेत्राचा आकडाच धरा. हद्दीतली लोकसंख्या धरली तर सेंट लुईस अमेरिकेतलं सर्वांत वेडं शहर ठरेल आणि जॅक्सनव्हिल विनाकारण थंड दिसेल.

एक हिशेब करून पाहू

तुलनेसाठी बेसबॉल सर्वांत सोयीचा. प्रत्येक टीमचे घरच्या मैदानावर ८१ सामने होतात, त्यामुळे एखाद-दुसऱ्या मोठ्या सामन्याने आकडा हलत नाही. वर्ष २०१९ घेऊ, म्हणजे साथीच्या आधीचा शेवटचा पूर्ण सीझन.

सेंट लुईस कार्डिनल्सची तिकिटं त्या वर्षी सुमारे ३४.८ लाख. भागिले २८ लाख लोक, म्हणजे माणशी १.२४ तिकिटं. लॉस एंजेलिसमध्ये डॉजर्स ३९.७ लाख. इथेच थांबलात तर चुकाल, कारण त्याच महानगरात ॲनाहाइमला एंजल्स आहेत, त्यांची ३०.२ लाख. दोन्ही मिळून सुमारे ७० लाख, भागिले १३२ लाख, म्हणजे माणशी ०.५३. न्यूयॉर्कमध्ये यांकीज ३३ लाख आणि मेट्स २४.४ लाख, एकूण ५७.५ लाखांच्या आत-बाहेर. भागिले २ कोटी, म्हणजे माणशी ०.२९.

आकडे पाहून न्यूयॉर्कला बेसबॉलची पर्वा नाही असं वाटेल. घाई करू नका. न्यूयॉर्कच्या दोन्ही मैदानांत मिळून सुमारे ८९ हजार खुर्च्या आहेत. गुणिले ८१ म्हणजे ७२ लाख. वर्षभर एकही खुर्ची रिकामी राहिली नाही तरी न्यूयॉर्कचा आकडा माणशी ०.३६ च्या पुढे जाऊच शकत नाही! सेंट लुईसची कमाल मर्यादा मात्र १.३ आहे. म्हणजे माणशी तिकिटांचा आकडा बराचसा खुर्च्यांचा पुरवठा सांगतो, लोकांची ओढ कमीच सांगतो.

म्हणून दुसरा आकडा काढा: विकलेली तिकिटं भागिले उपलब्ध खुर्च्या. सेंट लुईस ९४ टक्के, लॉस एंजेलिसची दोन मैदानं मिळून ८५, न्यूयॉर्क ८०. दरी बरीच बुजली, तरी सेंट लुईस पुढेच राहिलं. दोन्ही मापांत वर असलेलं शहर खरोखर वर आहे असं समजायला हरकत नाही.

टक्केवारीतही एक खड्डा आहे. प्रेक्षक कमी येऊ लागले की काही मालक खुर्च्याच कमी करतात. ओकलंडने २००६ मध्ये वरच्या मजल्यावर ताडपत्री अंथरली. टँपा बे रेजने २०१९ मध्ये ट्रॉपिकाना फील्डचा वरचा मजला बंद केला आणि क्षमता सुमारे २५ हजारांवर आणली. भाजक लहान झाला की टक्केवारी आपोआप चढते. क्षमतेचा आकडा घेताना तो कुठल्या वर्षाचा आहे हे तपासा, आणि मूळ बांधणीची क्षमताही शेजारी लिहून ठेवा.

हरणारी वर्षं शोधा

जिंकणारी टीम कुठेही गर्दी खेचते, त्यातून शहराचा स्वभाव कळत नाही. टीमचे गेल्या वीस वर्षांतले सर्वांत वाईट तीन सीझन काढा आणि त्या वर्षांची उपस्थिती पाहा. एवढं एकच काम करायला वेळ असेल तर हेच करा.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण शिकागोत सापडतं, कारण तिथे शहर एकच, वर्ष एकच आणि खेळही एकच. २०१२ मध्ये उत्तर भागातल्या कब्जने १०१ सामने गमावले, तरी तिकिटं गेली सुमारे २८.८ लाख. दक्षिण भागातल्या व्हाइट सॉक्सने त्याच वर्षी ८५ सामने जिंकले, गटात दुसरा क्रमांक मिळवला, आणि तिकिटं सुमारे १९.७ लाख. कब्जचं रिगली फील्ड १९१४ चं, भरवस्तीत, रेड लाइनच्या ॲडिसन स्टेशनवर उतरलं की समोरच. मैदानाभोवती गल्लोगल्ली बार आहेत, त्यामुळे सामना हरला तरी संध्याकाळ वाया जात नाही. पर्यटकही तिथेच जातात. व्हाइट सॉक्सचं मैदान त्याच रेड लाइनवर आहे, पण बाजूने महामार्ग आणि सभोवती पार्किंग. तेव्हा २८.८ लाखांमधलं सगळंच टीमवरचं प्रेम नाही. थोडं प्रेम जागेवरचंही आहे, आणि ते वेगळं मोजायला हवं.

हरणाऱ्या वर्षांत आणखी एक गोष्ट पाहा: लोक चिडतात का? अमेरिकन फुटबॉल खेळणारे क्लीव्हलँड ब्राउन्स २०१७ च्या सीझनमध्ये १६ पैकी १६ सामने हरले. जानेवारी २०१८ मध्ये कडाक्याच्या थंडीत काही हजार चाहत्यांनी स्टेडियमभोवती निषेधाची मिरवणूक काढली. ज्या शहराला काही वाटत नाही ते थंडीत रस्त्यावर उतरत नाही. ओकलंडमध्ये बेसबॉलची उपस्थिती रसातळाला गेलेली होती, पण १३ जून २०२३ ला चाहत्यांनी ठरवून स्टेडियम गाठलं, ते टीम दुसरीकडे नेणाऱ्या मालकाला आपण इथे आहोत हे दाखवायला. एरवी सरासरी १० हजारांच्या आसपास माणसं यायची, त्या दिवशी २७,७५९ आली. रिकाम्या खुर्च्या कधीकधी मालकावरचा राग सांगतात, आणि हा राग आकडेवारीत उदासीनतेसारखाच दिसतो. त्यामुळे उपस्थिती अचानक कोसळलेली दिसली तर त्या काळातल्या स्थानिक बातम्या वाचल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका.

कुठली वर्षं वगळायची

नव्या स्टेडियमची पहिली तीन वर्षं बाजूला ठेवा. मायामीत २०१२ मध्ये नवं मैदान उघडलं तेव्हा मार्लिन्सची तिकिटं २२ लाखांवर गेली. सीझन संपताच टीमने मोठे खेळाडू विकून टाकले आणि पुढच्याच वर्षी आकडा १६ लाखांच्या खाली आला.

शहरातून दुसरी टीम निघून गेल्यावरची वर्षंही सावधपणे वापरा. क्लीव्हलँडच्या बेसबॉल टीमने जून १९९५ पासून एप्रिल २००१ पर्यंत सलग ४५५ सामन्यांची सगळी तिकिटं विकली. त्यामागे १९९४ चं नवं मैदान होतं, उत्तम टीम होती, आणि १९९६ ते १९९८ या तीन सीझनमध्ये शहरात फुटबॉलची टीमच नव्हती. ब्राउन्स बाल्टिमोरला गेले होते आणि नवे ब्राउन्स १९९९ मध्ये आले. सॅन डिएगोतही २०१७ मध्ये फुटबॉलचे चार्जर्स लॉस एंजेलिसला गेल्यावर बेसबॉलची पाद्रेज ही एकच मोठी टीम उरली, आणि २०२३ मध्ये तिची तिकिटं ३२ लाखांच्या पुढे गेली. त्यात खेळाडूंवर केलेल्या भरमसाट खर्चाचाही वाटा आहे. दोन्ही कारणं एकाच वेळी आली की त्यांना वेगळं काढता येत नाही, म्हणून अशा वर्षासमोर नुसती खूण करून ठेवा.

फुटबॉलला दुसरं माप लागतं

एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. तिच्यात टीमचे घरच्या मैदानावर आठ-नऊच सामने असतात, बहुतेक रविवारी. जवळपास सगळीच स्टेडियम भरतात, त्यामुळे टक्केवारी निरुपयोगी. त्याऐवजी तीन गोष्टी पाहा: सीझन तिकिटांची प्रतीक्षा यादी किती लांब आहे, पुनर्विक्रीच्या साइटवर सर्वांत स्वस्त तिकीट काय भावाने चाललंय, आणि स्टँडमध्ये पाहुण्या टीमचे रंग किती दिसतात. ग्रीन बे हे सुमारे एक लाख वस्तीचं गाव, तिथल्या स्टेडियममध्ये ८१ हजार माणसं बसतात आणि प्रतीक्षा यादीत लाखाहून जास्त नावं आहेत. मोठ्या शहरांना हे माप लावताना ग्रीन बे यादीबाहेरच ठेवा, नाहीतर बाकी सगळे फिके दिसतील. दुसऱ्या टोकाला चार्जर्स. लॉस एंजेलिसला आल्यावर ते आधी सुमारे २७ हजार क्षमतेच्या मैदानात खेळले, आणि तेही कितीतरी वेळा पाहुण्यांच्या चाहत्यांनी भरलेलं असायचं. या शहरात १९९५ ते २०१५ अशी २१ वर्षं एनएफएलची टीमच नव्हती. एवढ्या काळात एक अख्खी पिढी दुसऱ्याच टीमच्या नावाने टाळ्या वाजवत मोठी झाली.

शहरात कोण राहतं

टँपा बे रेजने २०१९ मध्ये ९६ सामने जिंकले, तरी सरासरी साडेचौदा हजार माणसं आली. मैदान सेंट पीटर्सबर्गला, महानगरातली बरीच वस्ती खाडीच्या पलीकडे, आणि कामाच्या दिवशी संध्याकाळी पूल ओलांडायचा म्हणजे वाहतुकीत अडकणं. शिवाय न्यूयॉर्क, बोस्टन आणि मध्य-पश्चिमेतून आलेली असंख्य कुटुंबं आपली टीम सोबत घेऊन आली आहेत. यांकीजचा वसंतातला सराव १९९६ पासून टँपातच होतो. त्याच महानगरात लायटनिंगची हॉकी मात्र टँपाच्या मध्यवस्तीत चालते आणि तिथे गर्दी असते.

फिनिक्स आणि लास वेगसलाही हेच लागू. याउलट पिट्सबर्ग. १९८० च्या दशकात पोलाद कारखाने बंद पडत गेले, तशी माणसं देशभर पांगली. तिथल्या स्टीलर्स या फुटबॉल टीमच्या चाहत्यांचा १९७५ पासून चालत आलेला पिवळा टॉवेल आज परक्या स्टेडियममध्येही फडकताना दिसतो. पिट्सबर्गचं वेड फक्त पिट्सबर्गमध्ये मोजलं तर कमी भरतं.

स्थलांतर तपासायला जनगणनेच्या सर्वेक्षणातला एक तक्ता पुरतो: राज्यातच जन्मलेल्या रहिवाशांचं प्रमाण. ते जिथे कमी, तिथे स्टँडमध्ये पाहुण्यांचे रंग जास्त.

टीव्हीचे आकडे वाचताना

रेटिंग आणि शेअर यांत गल्लत करू नका. समजा शहरात १० लाख टीव्हीची घरं आहेत, सामना अडीच लाख घरांत लागला, आणि त्या वेळी एकूण ५ लाख घरांत टीव्ही चालू होता. तर रेटिंग २५ आणि शेअर ५०. शहरांची तुलना करायची ती रेटिंगवर. न्यूयॉर्कमध्ये घरांची संख्या नेहमीच मोठी दिसेल, त्यावर जाऊ नका.

कॉलेज फुटबॉलचे शनिवारचे आकडे जरूर पाहा. अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये मोठ्या लीगची एकही टीम नाही, तरी कॉलेज फुटबॉलच्या रेटिंगमध्ये ते कायम वर असतं. ओहायोतल्या कोलंबसमध्ये विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता एक लाखाच्या वर आहे. फक्त व्यावसायिक टीम मोजणाऱ्याला बर्मिंगहॅम दिसतच नाही, आणि कोलंबसचं हे वेडही दिसत नाही.

एकदा जाऊन मोजा

जाहीर होणारी उपस्थिती विकलेल्या किंवा वाटलेल्या तिकिटांची असते, दारातून आत गेलेल्या माणसांची नव्हे. बोस्टनच्या फेनवे पार्कचा मे २००३ ते एप्रिल २०१३ हा ‘हाउसफुल्ल’चा विक्रम मोठाच आहे, पण शेवटच्या वर्षांत रिकाम्या खुर्च्या डोळ्यांना दिसत असतानाही तो चालू राहिला.

म्हणून मे महिन्यातला मंगळवार किंवा बुधवार निवडा. समोर यांकीज, रेड सॉक्स, कब्ज किंवा डॉजर्स नकोत, कारण त्यांचे चाहते सगळीकडे पोचतात. बाहुली किंवा टोपी फुकट वाटायचा दिवसही नको. सामन्याच्या तासभर आधी पुनर्विक्रीचा सर्वांत कमी भाव टिपून ठेवा. वरच्या मजल्यावर बसा, तिथून सगळं दिसतं. तीन भाग ठरवा: एक खालचा, एक मधला, एक वरचा. प्रत्येकात रांगा गुणिले खुर्च्या करून क्षमता काढा. पहिल्या चेंडूला, तिसऱ्या इनिंगनंतर आणि सातव्या इनिंगनंतर भरलेल्या खुर्च्या मोजा. खालच्या महागड्या खुर्च्या बऱ्याचदा कंपन्यांच्या नावावर असतात, त्या रिकाम्या दिसल्या तर शहराला दोष देऊ नका. खरा अंदाज वरचा भाग देतो.

लॉस एंजेलिसमध्ये पहिल्या चेंडूची मोजणी बाद धरा. डॉजर स्टेडियम टेकडीवर आहे, रेल्वे तिथवर जात नाही, युनियन स्टेशनहून बस सोडतात, आणि सामना सुरू होतो तोच गाड्यांच्या सर्वांत दाट वेळेत. उशिरा येणारा माणूस दीड तास गाडीत बसून आलेला असतो. फिलाडेल्फियात चारही मोठ्या टीम दक्षिण टोकाला एकाच संकुलात खेळतात आणि ब्रॉड स्ट्रीट लाइनचं शेवटचं स्टेशन तिथेच आहे. तिथे परतीच्या गाडीत चर्चा कशाची चालते हे ऐका. बेसबॉलचा सामना पाहून निघालेली माणसं जून महिन्यात फुटबॉलच्या ईगल्सवर वाद घालत असतील तर तेही वहीत लिहा. स्थानिक खेळ-रेडिओवरही हेच तपासता येतं. सीझन बंद असताना कुठल्या टीमबद्दल फोन येतात, ती त्या शहराची पहिली टीम.

वहीत शहरासमोर एकच आकडा लिहू नका, खेळागणिक ओळ करा. ॲटलांटातून हॉकी दोनदा गेली, १९८० मध्ये कॅल्गरीला आणि २०११ मध्ये विनिपेगला. त्याच ॲटलांटात २०१८ मध्ये सॉकरच्या सामन्यांना सरासरी ५३ हजार माणसं येत होती. या दोन ओळींची सरासरी काढायची नसते.