डिस्क माउंट कशी करावी, बर्न कशी करावी (आणि माझी एक डीव्हीडी फुकट कशी गेली)

डाउनलोड केलेली आयएसओ फाइल मी कोऱ्या डीव्हीडीवर ओढून टाकली, बर्नचं बटण दाबलं आणि (बर्न म्हणजे लेझरने डिस्कवर लिहिणं) मोठ्या आशेने कॉम्प्युटर त्या डिस्कवरून सुरू करायला गेलो. ढिम्म. डिस्क उघडून पाहिली तर आत एकच एक आयएसओ फाइल, जशी ठेवली तशी. आयएसओ म्हणजे अख्ख्या डिस्कची सेक्टरगणिक प्रत. ती डिस्कवर ठेवायची नसते, उतरवायची असते. म्हणून विंडोजमध्ये अशा फाइलवर राइट-क्लिक करून 'बर्न डिस्क इमेज' निवडा. लिनक्सवर के३बी किंवा ब्रासेरो या बर्निंग प्रोग्रॅममध्ये इमेज बर्न करण्याचा वेगळा पर्याय असतो, तोच घ्या.

आत काय आहे एवढंच बघायचं असेल तर डिस्क खर्च करायची गरजच नाही, फाइल माउंट करा, म्हणजे ड्राइव्हमध्ये घातलेल्या डिस्कसारखी उघडा. विंडोज ८ पासून पुढे आणि मॅकवर डबल-क्लिक पुरे. काम झालं की इजेक्ट. लिनक्सवर हाताने करायचं तर आधी एक रिकामं फोल्डर बनवा, मग रूटच्या (मुख्य चालकाच्या) अधिकाराने माउंट कमांडला लूप हा पर्याय (फाइललाच डिस्क समजायला लावणारा), आयएसओ फाइल आणि ते फोल्डर द्या. खरी डिस्क असेल तर लूप नको, फाइलच्या जागी ड्राइव्हचं नाव येतं, ते बहुधा एसआर० असतं. 'राइट-प्रोटेक्टेड आहे, रीड-ओन्ली माउंट केलं' असा इशारा दिसेल. हा बिघाड नव्हे.

कारण आयएसओ ९६६० ही १९८८ची फाइल सिस्टिम (डिस्कवर फायली मांडण्याची पद्धत) मुळात वाचण्यासाठीच बेतलेली आहे. २०४८ बाइटच्या सेक्टरांत फायली एकामागोमाग एक रचलेल्या असतात, मध्ये नवी फाइल घुसवायला वाव नसतो. त्यामुळे माउंट केलेल्या डिस्कवर पेस्ट करत बसू नका. आधी बर्निंग प्रोग्रॅममध्ये सगळी यादी जमवा, मग एकदाच बर्न करा.

याला अपवाद यूडीएफ या दुसऱ्या फाइल सिस्टिमचा. कोरी डिस्क घातल्यावर विंडोज विचारतं: यूएसबी ड्राइव्हसारखी वापरायची, की सीडी-डीव्हीडी प्लेयरसाठी? पहिल्या पर्यायात यूडीएफ वापरून फायली हव्या तेव्हा टाकता येतात. सोयीचं वाटतं, पण एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवर फाइल डिलीट केली तरी जागा परत मिळत नाही. शिवाय अशी डिस्क दुसऱ्या यंत्रात वाचली जाईलच असं नाही. जपून ठेवायच्या डिस्कसाठी मी प्लेयरवाला पर्यायच घेतो.

जागेचं गणित आधी करा. डीव्हीडीवर छापलेले ४.७ जीबी म्हणजे ४७० कोटी बाइट. विंडोज १०२४च्या पटीत मोजतं, म्हणून तिथे साधारण ४.३८च दिसतात. एखादा व्हिडिओ ४ जीबीपेक्षा मोठा असेल तर प्रोग्रॅममध्ये यूडीएफ निवडा. सीडीवर थोडं थोडं लिहायचं ठरवलंत तर पहिलं सेशन (एका वेळचं लिखाण) बंद करताना सुमारे २२ एमबी आणि पुढच्या प्रत्येकाला सुमारे १३ एमबी नुसतं वेष्टनात जातं.

आता मराठी नावांचा घोळ. मूळ आयएसओ ९६६०मध्ये देवनागरी चालतच नाही, बर्निंग प्रोग्रॅममध्ये जोलिएट हा पर्याय (लांब आणि इतर लिप्यांतल्या नावांसाठीची जोड) चालू ठेवावा लागतो. त्यातही नावाला ६४ अक्षरांची मर्यादा, आणि मोजणी आपल्या डोळ्यांनी होत नाही. 'छायाचित्रे' हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो. कॉम्प्युटर काने, वेलांटी, मात्रा, हलन्त सगळं सुटं धरून दहा मोजतो. लांबलचक नावं शेपटाकडून कापली जातात आणि 'भाग १', 'भाग २' नेमकं शेपटातच असतं! बर्न करण्याआधीच नावं आखूड करा.

वेग सर्वांत जास्त ठेवू नका. मी १६ एक्सची (मूळ वेगाच्या सोळापट वेगाने लिहिता येणारी) डीव्हीडी ८ एक्सवर लिहितो; आठ-दहा मिनिटं जातात, जाऊ द्या. त्या वेळात दुसरी जड कामं नकोत. डिस्क घरच्या प्लेयरमध्ये लावायची असेल तर फायनलाइज करा, म्हणजे लिखाण कायमचं बंद करा. 'व्हेरिफाय'वर (लिहिलेलं पुन्हा वाचून ताडून पाहण्यावर) खूण करायला आळस करू नका. बर्न झाल्यावर डिस्क एकदा बाहेर काढून परत घाला, नाहीतर काही वेळा कॉम्प्युटर तिला कोरीच समजतो. मगच मूळ फायली पुसा.

नाव लिहायला पाण्याच्या शाईचा मऊ टोकाचा मार्कर घ्या, बॉलपेन नको. डीव्हीडीत डेटाचा थर प्लॅस्टिकच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो. सीडीत तो छापील बाजूच्या लगेच खाली असतो, वर जेमतेम वार्निशसारख्या लेपाचा एक पापुद्रा.