आजाऱ्याच्या घरी शताधिपतीचा उतारा कसा घ्यावा

घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असलं की त्या घरच्या सभेत शताधिपतीचा उतारा हमखास निघतो. उतारा म्हणजे बायबलातला वाचनाचा भाग: मत्तयाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय, ५ ते १३ वचनं. एका लष्करी अधिकाऱ्याचा, शताधिपतीचा, दास आजारी असतो आणि येशू त्याच्या घरी न जाता नुसत्या शब्दाने त्याला बरं करतो. उतारा लहान आहे आणि शेवट आनंदाचा आहे. वाचणारा वाचतो आणि म्हणतो, "बघा, शताधिपतीसारखा विश्वास ठेवा, म्हणजे तुम्हीही उठाल." सगळे आमेन म्हणतात, चहा येतो. पलंगावरच्या माणसाच्या पदरात मात्र भलतंच पडलेलं असतं: मी अजून उठलो नाही, म्हणजे माझाच विश्वास कमी.

मी मिरजेत नर्सिंग शिकले, नोकरीची सगळी वर्षं वॉर्डात काढली आणि आता आमच्या मंडळीतल्या महिला मंडळाचा शास्त्राभ्यास घेते. हा उतारा मला फार जवळचा आहे. म्हणूनच तो आजाऱ्याच्या उशाशी चुकीचा वाचला गेला की मला सहन होत नाही. माझी पद्धत इथे मांडते. ज्यांना घरसभा घ्यावी लागते त्यांच्यासाठी आहे. पाळकसाहेबच असले पाहिजेत असं काही नाही.

आदल्या दिवशी मत्तय आणि लूक दोन्ही वाचा. लूकमध्ये ही गोष्ट सातव्या अध्यायाच्या सुरुवातीला, १ ते १० वचनांत आहे. दोन्हींत फरक आहे आणि तो सभेत कुणीतरी विचारतंच. मत्तयात शताधिपती स्वतः येशूपुढे येऊन विनवतो. लूकात तो एकदाही समोर येत नाही. आधी यहूदी वडिलांना, म्हणजे गावातल्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना पाठवतो, मग येशू घराजवळ पोहोचल्यावर मित्रांकरवी निरोप धाडतो की आपण त्रास घेऊ नका. जुन्या काळचे धर्मपंडित ऑगस्टीन यांच्यापासून देत आलेलं उत्तर असं, की मत्तयाने गोष्ट आटोपशीर केली. ज्याच्या वतीने माणसं बोलली त्यालाच त्याने बोलतं केलं. हे दोन वाक्यांत सांगा आणि पुढे जा, त्यावर अर्धा तास घालवू नका. मात्र सभेत दोन्ही गोष्टींची खिचडी नको. मी आजाऱ्याच्या घरी लूक घेते आणि मंडळाच्या वर्गात मत्तय. कारण लूकात तो दास धन्याचा लाडका होता आणि मरणाला टेकला होता, हे पहिल्याच दमात सांगितलंय. रुग्णाच्या घरी गोष्ट रुग्णापासूनच सुरू व्हायला हवी.

गावाची ओळख थोडक्यात करून द्या. कफर्णहूम हे गालील सरोवराच्या वायव्य काठावरचं मासेमारीचं गाव, तिथे जकातीचं नाकंही होतं. गालीलावर तेव्हा रोमचा मांडलिक हेरोद अंतिपा याचा अंमल होता, रोमी सुभेदाराचा थेट कारभार नव्हता. त्यामुळे हा अधिकारी हेरोदाच्या फौजेतला असेल असं बरेच अभ्यासक मानतात. तो यहूदी नव्हता, एवढं नक्की. शताधिपती म्हणजे शंभरांचा नायक, पण रोमी सैन्यात त्याच्या हाताखाली प्रत्यक्षात ८० च्या आसपास शिपाई असत. त्याने गावाला सभास्थान, म्हणजे यहूद्यांचं प्रार्थनास्थळ, बांधून दिलं होतं. आपल्याकडून पवित्र भूमीच्या यात्रेला जाणारे लोक ज्या पांढऱ्या खांबांपुढे उभे राहून फोटो काढतात ते सभास्थान पुढच्या शतकांतलं, पण त्याच्या खाली काळ्या बसाल्टचा जुना पाया आहे. तो शताधिपतीच्या काळचा असावा, असं कित्येक संशोधकांचं मत आहे.

आणि दास म्हणजे विकत घेतलेला माणूस, हे लपवू नका. त्या काळी रोम शहरात आजारी दासांना धनी टायबर नदीच्या बेटावर नेऊन सोडून देत. पुढे रोमचा सम्राट क्लौद्य कैसर याला हुकूम काढावा लागला, की असा टाकलेला दास बरा झाला तर तो मोकळा. अशा जगात एक लष्करी अंमलदार आपल्या दासासाठी परक्या धर्माच्या गुरूकडे माणसं पाठवतो. हे सांगितलं की घरातल्या सुनेला, मुलाला, रात्रभर जागणाऱ्या बायकोला ही गोष्ट आपली वाटू लागते.

वाचून झाल्यावर पहिला प्रश्न

उतारा सावकाश, दोनदा वाचून घ्या. मग एकच प्रश्न विचारा: या गोष्टीत आजारी माणूस काय बोलतो?

लोक पानं चाळतात. कुणीतरी वडिलांचं वाक्य वाचतं, कुणी मित्रांचं. शेवटी एखादी बाई हळूच म्हणते, "काहीच नाही." तिथे थांबा, लगेच पुढचं बोलू नका. त्या दासाचं नाव दिलेलं नाही. त्याने प्रार्थना केली असं लिहिलेलं नाही, त्याचा विश्वास कुणी तपासलेला नाही. तो घरी पडून आहे आणि विश्वास ठेवतोय दुसराच.

मग याच जातीच्या आणखी दोन-तीन जागा दाखवा. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात, याच कफर्णहूमात, चौघे जण पक्षाघाती माणसाला छप्पर उकलून खाली सोडतात. तिथे येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला असं लिहिलंय. येशूला बोलवायला आलेल्या याईराची मुलगी तर बाप परत येईपर्यंत गेलेलीच असते. विश्वास धर म्हणून सांगितलं जातं ते बापाला. कनानी बाईची लेक घरी आहे, झगडते ती आई. पलंगाभोवती उभं राहिलेल्यांनी विश्वासाचं ओझं उचलायचं, पलंगावरच्याने नव्हे. आजाऱ्याला मी हे त्याच्याकडे वळून, त्याचं नाव घेऊन सांगते. दादा, तुम्ही दमला आहात, आज तुमच्या वाटचा विश्वास आम्ही धरतो.

कुणी म्हणेल, "पण तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं, असंही येशू म्हणतोच की!" म्हणतो. रक्तस्रावाने गांजलेल्या बाईला म्हणतो, आंधळ्या बर्तिमयाला म्हणतो. ते शाबासकीचे शब्द आहेत. तुझा विश्वास कमी पडला म्हणून तू आजारी राहिलास, असं त्याने एकाही रुग्णाला ऐकवलेलं नाही. मत्तयाच्या सतराव्या अध्यायात अल्पविश्वासाचा ठपका आहे, पण तो कुणावर आहे ते पाहा. फेपरं येणारा मुलगा शिष्यांना बरा करता आला नाही, तेव्हा बोल लागला तो शिष्यांना. मुलाला नाही, बापालाही नाही. प्रार्थना करायला गेलेल्या माणसांनी ही जागा आधी स्वतःसाठी वाचावी.

ताबेदार माणसाचा मुद्दा

उताऱ्याचा गाभा शताधिपतीच्या निरोपात आहे आणि नेमका तिथेच वाचणाऱ्यांचा पाय घसरतो. 'जा म्हटलं की जातो, ये म्हटलं की येतो' हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या आधी तो म्हणतो, मीही ताबेदार माणूस आहे. हे शब्द घाईत निघून जातात. ते नसतील तर उरलेलं वाक्य नुसती फुशारकी होईल.

मी हे रात्रपाळीवरून समजावते. रात्री दोन वाजता पेशंटचा श्वास वाढला की सिस्टर डॉक्टरांना फोन करते. ते फोनवर ऑर्डर सांगतात: अमुक इंजेक्शन, इतके मिलिग्रॅम, शिरेतून. सिस्टर तीच ऑर्डर शब्दाशब्दाने परत म्हणून दाखवते, केसपेपरवर वेळ घालून लिहिते, खाली फोनवरून घेतली असं नमूद करते आणि सकाळी डॉक्टर सही करतात. डॉक्टर वॉर्डात आलेले नसतात, तरी औषध शिरेत जातं. सिस्टरने मावशींना सांगितलं की ऑक्सिजनचा सिलिंडर येतो, शिकाऊ मुलीला सांगितलं की ती मॉनिटर लावते. सिस्टरचा आवाज मोठा आहे म्हणून हे होत नाही. ती स्वतः कुणाच्या तरी हुकमाखाली आहे, म्हणून तिच्या शब्दाला वजन आहे. तीच बाई ड्यूटी संपवून बाजारात उभी राहिली आणि कुणाला 'ऑक्सिजन आण' म्हणाली, तर कोण हलेल?

शताधिपतीला आपल्या रोजच्या कामातून हे ठाऊक होतं. त्याने येशूकडे पाहिलं आणि ओळखलं, की या माणसामागे ज्याचा हुकूम आहे त्याच्यापुढे आजारसुद्धा शिपायासारखा आहे. मग घरी येण्याची गरज काय? शब्द बोला, पुरे. योहानाच्या पाचव्या अध्यायात येशू स्वतःच सांगतो, की पुत्राला आपण होऊन काही करता येत नाही, पित्याला जे करताना तो पाहतो तेच तो करतो. शास्त्राच्या पंडितांना जे दिसलं नाही ते छावणीतल्या माणसाला दिसलं. येशूला आश्चर्य वाटलं असं शुभवर्तमानांत दोनच प्रसंगी लिहिलंय. एकदा इथे, विश्वास पाहून. आणि एकदा मार्काच्या सहाव्या अध्यायात, स्वतःच्या गावातला अविश्वास पाहून.

मंडळाच्या वर्गात वेळ असतो, तेव्हा नामानाची गोष्टही जोडून घेते, २ राजे ५. तोही परका सेनापती. अलीशा बाहेर आला नाही, नुसता निरोप पाठवला, म्हणून तो रागावून निघाला होता. संदेष्ट्याने समोर उभं राहून, हात फिरवून बरं करावं अशी त्याची अपेक्षा होती. शताधिपती तर आपण होऊन म्हणतो, येऊ नका. दोघांना शेजारी ठेवलं की जास्त बोलावं लागत नाही.

म्हणून सभा घेणाऱ्याने आवाज चढवू नये. आजाराला दरडावणं, कपाळ दाबून मागे ढकलणं, 'मी आज्ञा देतो' म्हणून ओरडणं यातलं काहीही या उताऱ्यात बसत नाही. अधिकार येशूचा आहे. मत्तय १० मध्ये तो शिष्यांना देतो तेव्हा लगेच बजावतो, फुकट मिळालंय, फुकट द्या. तेलाची बाटली विकणाऱ्याला आणि प्रार्थनेचं पाकीट मागणाऱ्याला हे वचन बिनदिक्कत दाखवा.

त्या यहूदी वडिलांकडेही जरा लक्ष वेधा. ते येशूला सांगतात, याच्यासाठी हे करावं इतकी याची योग्यता आहे, याने सभास्थान बांधलंय. शताधिपतीचा निरोप येतो, माझ्या छपराखाली आपण यावं इतकी माझी योग्यता नाही. कॅथलिक शेजारी सभेला आले असतील तर त्यांना हे शब्द ओळखीचे असतात; वसईत, गोव्यात, जिथे जिथे मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, होते तिथे कम्युनियनच्या (प्रभुभोजनाच्या) आधी ते म्हटले जातात. त्यांना म्हणायला सांगा. सभेत दोन मंडळ्यांची माणसं एका वाक्यावर येतात, मला ते फार आवडतं.

प्रार्थना करताना

पलंगापाशी खुर्ची घेऊन बसा, म्हणजे तुमचा चेहरा आजाऱ्याच्या चेहऱ्याच्या उंचीला येतो. हात धरू का, असं विचारा. पक्षाघाताचा रुग्ण असेल तर ज्या हाताला जाणीव आहे तो धरा. लुळा हात खांद्यातून ओढू नका, सांधा निखळतो. प्रार्थना लहान ठेवा. मी साधारण अशी करते: "प्रभू, शांताबाई थकल्या आहेत. आम्ही त्यांच्या वतीने तुझ्याकडे आलोय. तू शब्द बोल. औषध देणाऱ्या हातांना सांभाळ, रात्री त्यांना झोप दे." नाव अर्थात त्या त्या माणसाचं. बरं होण्याची तारीख देवाच्या नावावर जाहीर करू नका.

औषध बंद करा, असं सभेत कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे अडवा. एका उपदेशकाच्या शब्दावर इन्सुलिन सोडलेली मुलगी मी बेशुद्धावस्थेत दाखल होताना पाहिली आहे. ती वाचली, पण आठवडाभर आईच्या डोळ्याला डोळा नव्हता. आणि पक्षाघाताबद्दल नर्स म्हणून सांगतेच. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात खाली पडू लागला, बोलणं अडखळलं, तर सभा थांबवा आणि १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. प्रार्थना गाडीत करता येते.

'आणि उठलेच नाहीत तर?' हा प्रश्न बहुतेक वेळा दारात, चपला घालताना, घरचं माणूस विचारतं. टाळू नका. प्रेषित पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारी ठेवून पुढचा प्रवास केला. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला वारंवार होणाऱ्या दुखण्यासाठी त्याने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. त्याच्या स्वतःच्या देहातला काटा तीनदा विनवूनही निघाला नाही. यांपैकी कुणालाही पौलाने अविश्वासू म्हटलेलं नाही. त्रफिमाबद्दलचं २ तीमथ्य ४:२० हे वचन मी चिठ्ठीवर लिहून त्यांच्या हातात देते आणि पुढच्या भेटीचा वार तिथेच ठरवते.

बरं वाटलं आणि रविवारी साक्ष द्यायची असेल तर आधी एकदा घरी बसून तयारी करून घ्या. किती दिवस ॲडमिट होते, कोणत्या गोळ्या चालू आहेत, फिजिओथेरपी कोण करून घेतं, रात्री कोण जागलं, हे सगळं साक्षीत येऊ द्या. उपासनेला मागच्या बाकावर असाही कुणीतरी बसलेला असतो ज्याच्या घरचा रुग्ण अजून उठलेला नाही. त्याच्याकडे त्या आठवड्यात जायचं, हे साक्ष देणाऱ्यालाच सांगून ठेवा.