गोकर्णाची वेल लावताना आणि वापरताना या चुका टाळा

गोकर्णाच्या वेलीबद्दल नेहमी ऐकू येणारी तक्रार म्हणजे पाला भरपूर येतो, पण फुले येत नाहीत. यामागे बहुधा निगेचा अभाव नसून अतिरेक असतो. गोकर्ण शेंगवर्गीय असल्याने त्याच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. त्यात वारंवार युरिया घातला, की वेल पानेच वाढवत राहते. अशा वेळी नत्रयुक्त खत थांबवावे, कुंडी दिवसाला किमान 6 तास थेट ऊन मिळेल अशा जागी हलवावी आणि बी धरायचे नसेल तर शेंगा कोवळ्या असतानाच खुडाव्यात.

बी रुजत नसेल, तर ते खराब आहे असे लगेच ठरवू नये. कठीण कवचातून पाणी आत शिरत नाही, म्हणून बी सँडपेपरवर एका बाजूने हलके घासून रात्रभर कोमट पाण्यात ठेवावे. जे फुगेल ते पेरावे, न फुगलेले पुन्हा घासावे. सोटमूळ दुखावू नये यासाठी शक्यतो कायमच्या जागीच पेरणी करावी. पाने पिवळी पडली, तर आधी पाण्याचा निचरा तपासावा, आणि पानांमागे बारीक जाळी दिसली, तर ती लाल कोळी ही कीड समजून पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारावा.

फुले कडक उन्हात वाळवल्यास रंग फिका पडतो. ती सावलीत वाळवून हवाबंद बरणीत ठेवावीत. निळ्या काढ्यात लिंबू पिळताच तो जांभळा होतो, ही भेसळ नव्हे आणि औषधी गुणाची खूणही नव्हे. फुलांतील अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लात रंग बदलते, इतकेच.

खरी गंभीर चूक मात्र फुले निर्धोक वाटतात म्हणून बी आणि मुळेही तशीच मानण्याची आहे. ही दोन्ही तीव्र रेचक, म्हणजे जुलाब घडवणारी, असल्याने त्यांचे चूर्ण घरी करून घेऊ नये. आयुर्वेदातील त्यांचा वापर वैद्याच्या देखरेखीखालीच व्हावा. गर्भवतींनी आणि नियमित औषधे घेणाऱ्यांनी फुलांचा काढासुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. स्मरणशक्तीसाठी शंखपुष्पी विकत घेताना वेष्टनावरील शास्त्रीय नाव अवश्य पाहावे, कारण त्या नावाखाली काही ठिकाणी गोकर्ण, म्हणजे क्लिटोरिया टर्नेटिया, तर काही ठिकाणी कॉन्व्हॉल्व्ह्युलस ही अगदी वेगळी वनस्पती विकली जाते.