पेडल मऊ लागलं तर गाडी थांबवा

आम्ही राहतो चिपळूणला, माझं माहेर पाटणचं. त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी कुंभार्ली घाट ठरलेला. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात माहेराहून परतताना, घाटाच्या पायथ्याची पोफळी जवळ आली असताना, ब्रेकचं पेडल अचानक मऊ लागलं. पाय खाली चाललाय आणि गाडी हवी तशी धरत नाही. मागे दोन्ही मुली, डिकीत शेंगांचं पोतं. पेडल भरभर तीन-चारदा दाबलं, गिअर तिसरा, मग दुसरा केला, बटण दाबून धरून हँडब्रेक थोडा थोडा ओढला आणि रुंद जागा बघून गाडी उभी केली. पुढच्या चाकांतून जळका वास येत होता. पाऊण तासाने पेडल पुन्हा पहिल्यासारखं कडक झालं.

बाबा एसटीत चालक होते, त्यांची निम्मी नोकरी याच घाटात गेली. फोनवर त्यांनी एकच विचारलं, "गिअर कुठला होता, बाळा?" चौथा होता. "जो गिअर चढायला, तोच उतरायला," एवढं सांगून ते गप्प बसले.

असं का, ते मला नंतर हिशेब मांडल्यावर पटलं. ब्रेक गाडीचा वेग खातो आणि त्याची उष्णता करतो. 1 टनाची गाडी 600 मीटर उंचीवरून खाली आणताना जी उष्णता तयार होते, तेवढ्यात अंघोळीची 20 लिटरची बादली उकळीला येईल. गिअर खालचा असेल तर त्यातला मोठा वाटा इंजिन उचलतं. नसेल तर सगळा भार चार चाकांच्या ब्रेकवर, त्यातही जास्त पुढच्या दोनांवर, कारण ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं.

आता पेडल मऊ का झालं, ते बघा. पायाचा जोर मास्टर सिलिंडरमधून, म्हणजे पेडलला जोडलेल्या पंपातून, ब्रेक ऑइलमार्फत चाकापर्यंत जातो. ऑइल दबत नाही, म्हणून जोर पोचतो. पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि कोकणात ओलाव्याला काय तोटा! कोरं डॉट 4 दर्जाचं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळलं की हीच मर्यादा 155 वर येऊ शकते. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला (चकतीला) पॅडनी चिमटणाऱ्या तापलेल्या कॅलिपरमध्ये ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दबते, पाय खाली जातो, ब्रेक लागत नाही. थंड झालं की सगळं पूर्ववत, आणि आपल्याला वाटतं, काही नव्हतंच.

माझ्या गाडीतलं ऑइल मिस्त्रीने काढलं तेव्हा ते कोऱ्या चहासारखं होतं. सहा वर्षं जिथे सर्व्हिसिंग करत होते, तिथे दर वेळी फक्त वरून भर घातली गेली होती. याचा मला अजून राग आहे. वरून ओतलेलं नवं ऑइल जुन्यातलं पाणी घालवत नाही. पॅड झिजतात तशी ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी हळूहळू उतरते, तो पॅड बघण्याचा इशारा असतो; भर घातली की इशाराच पुसला जातो. पातळी पटकन उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे, गाडी चालवू नका.

म्हणून ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. गाडीच्या पुस्तिकेत याहून कमी मुदत असेल तर ती पाळा. झाकणावर डॉटचा आकडा लिहिलेला असतो, तोच घ्या. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते यात चालत नाही. इंजिन ऑइलचा थेंबही जाऊ देऊ नका, आतली रबरं फुगतात. बदलताना चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढून घ्यायला सांगा आणि समोर उभं राहा. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

घरच्या घरी करण्यासारखी एक तपासणी आहे, मी ती दर पहिल्या रविवारी करते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबा, ते दगडासारखं होतं. मग दाबून धरूनच इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली सरकलं तर बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, ठीक. इंजिन बंद असताना ही मदत दोन-तीन दाबांत संपते, म्हणून उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणं म्हणजे जिवाशी खेळ. सुरू इंजिनवर अर्धा मिनिट पेडल दाबून धरा. ते सावकाश बुडत गेलं तर मास्टर सिलिंडर दाखवा. स्पंजासारखं लागलं तर आत हवा आहे.

पॅड टॉर्चने चाकाच्या फटीतून दिसतात. लोखंडी पट्टी सोडून 3 मिलिमीटर उरले की बदला. आतल्या बाजूचा पॅडही बघा. कॅलिपरच्या पिना अडकल्या तर एकच पॅड झिजतो, गाडी एका बाजूला ओढते. बारीक किंचाळल्यासारखा आवाज म्हणजे पॅड संपत आलेत. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला तर डिस्कही गेली समजा. पावसात रात्रभर उभ्या गाडीचा सकाळचा खरखराट मात्र डिस्कवरच्या गंजाचा असतो, दोन-चार ब्रेकांत जातो.

एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीचं पेडल पायाखाली थरथरलं तर घाबरून पाय उचलू नका, दाबून ठेवा. एबीएसचा दिवा लागला तर दुरुस्ती करून घ्या; ब्रेकचा लाल दिवा असेल आणि हँडब्रेक सोडलेला असेल तर जागेवर थांबा.

घाटात पाय पेडलवर टेकवून ठेवू नका. ठामपणे दाबा, वेग उतरला की सोडा, तेवढ्यात ब्रेकला वारा लागतो. उतरल्यावर तापलेल्या चाकांवर पाणी ओतणारे लोक मी पायथ्याशी अनेकदा पाहते. कृपा करून ओतू नका, डिस्क वाकते किंवा तडकते.

पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक न लावता गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा, नाहीतर मागच्या ब्रेकचे लायनर (घासपट्ट्या) ड्रमला चिकटतात. नवे पॅड घातले की गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा, पहिले दाब रिकामे जातात. आणि नवे पॅड लगेच घाटात नेऊ नका. मी आधी गुहागरला दोन फेऱ्या मारून येते, जोरात ब्रेक न लावता, मगच पाटणचा रस्ता धरते.