शहराचं चित्र काढताना पर्स्पेक्टिव्ह कुठे बिघडतं? या चुका टाळा

पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे सपाट कागदावर जवळ-लांबचा भास उभा करणं, शिकायचं असेल तर मुंबईतल्या दादाभाई नौरोजी रस्त्यासारखी जागा शोधून सापडणार नाही. इमारतींच्या तळाशी कमानींची रांग, तिच्या आतून पदपथ, वर सज्जे, खिडक्या, कंगोरे, आणि या सगळ्याच्या रेषा दूर हुतात्मा चौकाकडे पळत जाणाऱ्या. १८५७ साली स्थापन झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं आवारही याच रस्त्यावर आहे. पण इथे स्केचबुक उघडून बसणाऱ्यांची चित्रं अनेकदा एकाच ठिकाणी घसरतात: डोळ्याची पातळी न ठरवता थेट नक्षीला हात घातला जातो.

एखादी देखणी खिडकी आधी पूर्ण होते, मग शेजारची, मग वरची. प्रत्येक खिडकी सुटी पाहिली तर सुरेख, पण इमारत मात्र वाकडी दिसते. म्हणून पहिली रेघ आय लेव्हलची, म्हणजेच क्षितिजरेषेची. ती शोधायला पेन्सिल डोळ्यांसमोर आडवी धरा. समोरचं जे काही तिच्यामागे झाकलं जातं, ती तुमची पातळी. सपाट रस्त्यावर तुम्ही उभे असाल तर जवळच्या आणि लांबच्या, साधारण तुमच्याच उंचीच्या माणसांची डोकी याच रेषेवर येतात. वर-खाली सरकतात ते त्यांचे पाय. पायरीवर बसलात की रेषा उभ्या माणसांच्या छाती-पोटाशी उतरते. पहिल्या मजल्यावरून काढत असाल तर सगळी गर्दी तिच्या खाली जाते. चित्रातली माणसं हवेत तरंगत असतील तर आधी हेच तपासा.

त्याच रेषेवरून पुढची चूकही कळते. सगळे सज्जे एकाच तिरकसपणाने काढले जातात. खरं तर रेषेच्या वरचं सगळं दूर जाताना खाली उतरतं, खालचं वर चढतं, आणि रेषेपासून जितकं लांब तितका उतार जास्त. तिसऱ्या मजल्याचा कंगोरा पहिल्या मजल्याच्या सज्जापेक्षा तीव्र उतरलाच पाहिजे. पदपथाची कड मात्र चढती येते.

कमानी हा माझा सर्वांत आवडता भाग, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. आपल्याला ठाऊक असतं की सगळ्या कमानी सारख्या रुंदीच्या आहेत, त्यामुळे हात नकळत सारखं अंतर ठेवतो. अंदाजाने आखडत नेलं तरी चौथ्या-पाचव्या खांबाशी फसगत होते. त्यापेक्षा असं करा. पहिले दोन खांब डोळ्यांनी नीट मोजून काढा. खांबांच्या माथ्याची आणि पायाची रेषा लोपबिंदूपर्यंत, म्हणजे दूर जाणाऱ्या समांतर रेषा क्षितिजरेषेवर जिथे मिळताना दिसतात तिथपर्यंत, न्या. दुसऱ्या खांबाच्या उंचीचा मध्य काढा. आता पहिल्या खांबाच्या माथ्यापासून त्या मध्यातून सरळ रेघ ओढा. ती पायाच्या रेषेला जिथे भेटेल तिथे तिसरा खांब. मग दुसऱ्याच्या माथ्यापासून तिसऱ्याच्या मध्यातून चौथा. कमानीचं टोक हवं असेल तर दोन खांबांमधल्या चौकोनाचे कर्ण काढा. ते छेदतात तिथून जाणाऱ्या उभ्या रेषेवर टोक येतं. कागदावर मोजलं तर ते बरोबर मध्यात नसतं, पलीकडच्या खांबाकडे सरकलेलं दिसतं. तसंच राहू द्या.

इमारतीचा कोपरा जहाजाच्या नाळेसारखा अंगावर येतोय? त्याच्या दोन बाजूंचे दोन्ही लोपबिंदू कागदातच कोंबलेले असणार. निदान एक तरी कागदाबाहेर जाऊ द्या; टेबलावर चिकटपट्टीचा तुकडा लावून खूण केली तरी पुरते. फोनच्या वाइड लेन्सने काढलेल्या फोटोवरून चित्र केलं तरी हाच दोष येतो, कारण तो ताणलेपणा आधीच फोटोत असतो. जागेवर बसूनच काढा, असं मी म्हणेन.

हुतात्मा चौकात रस्ते वेगवेगळ्या कोनांत फुटतात. तिथे सगळ्या इमारती एकाच लोपबिंदूला बांधू नका. दिशा बदलली की बिंदू बदलतो. सपाट जमिनीवर क्षितिजरेषा मात्र सगळ्यांची एकच. चढाचा रस्ता असेल तर त्याच्या कडांचा बिंदू क्षितिजाच्या वर जातो, पण घरांच्या खिडक्यांचा क्षितिजावरच राहतो. चढ रस्त्याला असतो, खिडक्यांना नाही.

राहिले बारकावे. लांबच्या खिडकीला जवळच्या खिडकीइतक्याच रेघा दिल्या की चित्राचा खोलपणा मरतो, पर्स्पेक्टिव्ह अचूक असलं तरी. जवळच्या दोन कमानींत दगडांचे सांधे, खांबाच्या माथ्यावरची पानं, पाटीवरची अक्षरं, सगळं येऊ द्या. पाचव्या कमानीला फक्त सावलीचा आकार द्या, आणि टोकाकडच्या इमारतींची नुसती बाह्यरेषा, हलक्या हाताने.